त्याच कापडातला धागा

सशाला विंचरायचं ते सकाळी, ऊन अंगणात नीट उतरल्यावर, आणि सगळा दिवस आपलाच आहे अशा सवडीनं. कारण विंचरणाऱ्याच्या मनात दुसरंच काही चाललं असेल तर ते सशाला आधी कळतं आणि मग तो मागच्या पायांनी असा झटका देतो की मनगटावरचा ओरखडा आठवडाभर मिरवावा लागतो. मावशीच्या मनगटांवर ओरखडे नव्हते. व्हरांड्यात खुर्ची टाकून ती एकेकाला मांडीवर घ्यायची, लांब दातांच्या कंगव्यानं आधी पाठीवरून, मग कुशीवरून, शेवटी पोटाकडून केस हलके हलके मोकळे करायची, आणि गळायला आलेली लोकर आपणहून सुटून आली की टोपलीत रचून ठेवायची. दुपारी त्या लोकरीचा टकळीवर धागा व्हायचा, संध्याकाळी तळ्यापर्यंत फेरी व्हायची, आणि फेरीत जे दिसलं, म्हणजे एखादं नवं घरटं, कुंपणावर वाळत बसलेला पाणकावळा, ते ती एका लहानशा साप्ताहिकासाठी लिहून पाठवायची. ते साप्ताहिक कोण वाचतं हे त्याच्या संपादकालाही ठाऊक नव्हतं, पण मजकूर वेळेवर येतो यातच तो खूश होता.

मावशी ती खरं तर कुणाचीच नव्हती. भाऊ नाही, बहीण नाही, तेव्हा भाचरं कुठून असणार. पण दूधवालीनं एकदा तशी हाक मारली, तिच्यामागून दुकानदारानं मारली, आणि बघता बघता सगळं गाव तिचा भाचा होऊन बसलं. ससे पाळणारी, लोकर विणणारी, पाखरांवर लिहिणारी बाई म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढे लोण्याचा गोळा उभा राहतो. मावशीच्या आत लोणी नव्हतं. आत निखारा होता, राखेखाली नीट झाकलेला, आणि शहर सोडून ती या डोंगराकडच्या गावात आली ती विश्रांतीसाठी नव्हे, तर तो निखारा निदान आपल्याला जाळायचा तरी थांबेल या आशेनं. तसा तो जवळजवळ थांबलाही होता. मग उतारावरच्या रिकाम्या घरात कुणीतरी राहायला आलं.

ती पिंजऱ्यांपाशी वाकून कोबीची पानं चिरत होती. पाठीमागून कुणीतरी घसा खाकरला, एकदा, आणि जरा थांबून पुन्हा एकदा, जसं भाषणापूर्वी खाकरतात तसं, आणि एक भरदार आवाज म्हणाला, "थोडक्यात सांगायचं तर, बाई, मी तुमचा नवा शेजारी."

सुरी पानावरच थांबली. ते खाकरणं तिनं हजार माणसांत ओळखलं असतं. आणि "थोडक्यात सांगायचं तर" म्हटल्यावर हा माणूस तासभर थांबत नाही, हेही तिला ठाऊक होतं. ती वळली. साहेब म्हातारे झाले होते, केस पार पांढरे, पण उभं राहण्याची ऐट तीच, हात पाठीमागे बांधून जग आपल्या पाहणीसाठीच मांडून ठेवलेलं असल्यासारखी. त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे सरळ पाहिलं, सशांचं कौतुक केलं, बायको गेल्याचं सांगितलं, निवांतपणे आत्मचरित्र लिहायला इथं आलोय असं सांगितलं, आणि हसून निघून गेले. त्यांनी तिला ओळखलं नव्हतं. ओळखून न ओळखल्याचं सोंग केलं असतं तर एक वेळ तिनं समजून घेतलं असतं. पण त्या डोळ्यांत सोंग नव्हतं, तिथं काहीच नव्हतं. ज्या माणसानं आपलं आयुष्य मोडलं त्याच्या लेखी आपण मोडलेली वस्तूसुद्धा नाही, हे कळल्यावर मावशी त्या दिवशी फिरायला गेली नाही.

ते ज्या वस्तुसंग्रहालयाचे संचालक होते तिथं ती जुन्या कापडांच्या विभागात रफूगार होती. वडील रफूगार, त्यांच्याच हाताखाली ती शिकली होती, आणि त्यांचा एक नियम ती श्वासासारखा पाळायची: रफूला बाहेरचा धागा लावायचा नाही. त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून, जिथं कुणाची नजर जात नाही तिथून धागा काढायचा, त्यानं भोक भरायचं, आणि त्यातूनही उरलेला धागा फेकायचा नाही. परका धागा कापड ओळखतं, वडील म्हणायचे, आणि आज ना उद्या त्याला झिडकारतं. संग्रहालयात शेकडो वर्षांचा एक विणलेला पडदा होता. त्यावर ती कित्येक वर्षं काम करत होती, मोठ्या टेबलावर तो आडवा पसरून, हाताच्या पंजाएवढा तुकडा घेऊन. कुणी बडे पाहुणे येणार होते आणि साहेबांना तो पडदा दालनात उभा टांगायचा होता. ती त्यांच्या टेबलासमोर उभी राहून म्हणाली होती, "साहेब, नको. त्याला स्वतःचं वजन पेलणार नाही." साहेब "बघू" म्हणाले. तिच्या सुटीच्या दिवशी त्यांनी तो टांगून घेतला, आणि पाहुण्यांच्या टाळ्या चालू असतानाच पडदा मधोमध फाटून खाली आला.

चौकशी झाली. साहेबांनी एकच वाक्य सांगितलं, "रफूगार बाईंनीच सांगितलं, आता टांगायला हरकत नाही." खोलीत तेव्हा तिसरं माणूस नव्हतं. मोठ्यांच्या शब्दापुढे लहानांची शपथ कोण ऐकतो! तिला कामावरून काढलं नाही, तिकीटखिडकीत बसवलं, आणि निवृत्त होईपर्यंत ती आत जाणाऱ्यांना तिकिटं फाडून देत राहिली. जुन्या कापडाला तिचा हात पुन्हा लागला नाही. पण हेही तिनं गिळलं असतं. तिला गिळता आलं नाही ते वडिलांचं वागणं. त्यांनी तिला काही विचारलं नाही, दोष दिला नाही. एका संध्याकाळी ते बाहेरून आले, तिला दिलेली आपली सुई तिच्याकडून परत मागून घेतली, आणि मरेपर्यंत तिच्याशी बोलले नाहीत. विचारायचं तरी होतं एकदा! ते का विचारलं नाही, हे कोडं तिला कधी सुटलं नाही.

साहेबांचं वाईट व्हावं, घर जळावं, अशी तिची इच्छा नव्हती. म्हणजे होती, पण तेवढ्यानं तिचं भागणार नव्हतं. तिला एक वाक्य हवं होतं. त्यांच्याच तोंडून, मोठ्यानं, तिच्याकडे पाहून: तुम्ही नको म्हणाला होतात.

साहेब रोजच्या फेरीला सोबत येऊ लागले. बोलावलं कुणी नव्हतं, पण आमंत्रणाची वाट पाहायची सवयच त्यांना कधी नव्हती. तळ्याकाठी आडव्या पडलेल्या झाडावर बसून ते आत्मचरित्रातली ताजी पानं वाचून दाखवायचे, आणि मावशी पाण्याकडे बघत ऐकायची. एके दिवशी पडद्याचं प्रकरण आलं. "एका अतिआत्मविश्वासू महिला कर्मचाऱ्याच्या सल्ल्यावर विसंबण्याची चूक माझ्याकडून झाली," साहेबांनी आवाजाला योग्य तो चढउतार देत वाचलं, "तथापि तिच्या वृद्ध पित्याची दया येऊन मी तिला नोकरीवरून दूर केले नाही." मग पान खाली घेऊन त्यांनी विचारलं, "कसं वाटलं?"

"भाषा चांगली आहे," मावशी म्हणाली.

वडील यांना कुठं दिसले होते, हा प्रश्न तिच्या मनात येऊन गेला. पण त्या वेळी तिच्या कानांत रक्त इतक्या जोरानं वाजत होतं की तो प्रश्न तिथंच राहून गेला. स्वतः खोटं बोलणाऱ्या माणसाला निदान आपण खोटं बोलतोय हे आठवत असतं. साहेबांना तेही आठवत नव्हतं. त्यांनी आपलं खोटं इतकी वर्षं वापरलं होतं की त्याचं खरं होऊन गेलं होतं.

थंडी पडायला लागली तसे साहेब एक स्वेटर घेऊन आले. राखी रंगाचा, जाड, बायकोनं विणलेला, आणि उजव्या कोपराला भोक पडलेलं. "दूधवाली म्हणाली तुमच्या हातात कला आहे," ते म्हणाले. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, अशी गत होती. फक्त देवानं हे दोन डोळे कशासाठी दिले ते मावशीला अजून कळलं नव्हतं. तिनं स्वेटर ठेवून घेतला. राग कितीही असो, हातात कापड आलं की हात आपले शिस्तीनंच चालतात. खालची पट्टी आतून दुमडून दुहेरी शिवली होती. ती तिनं उसवली, आतल्या भागातल्या काही ओळी सोडवून धागा काढला, कोपराचं भोक असं भरलं की बोट फिरवूनही कळू नये, आणि पट्टीत जी जागा रिकामी झाली होती तिथं आपल्या राखी सशाची लोकर विणून टाकली. परका धागा तिनं आयुष्यात पहिल्यांदाच वापरला. या माणसाच्या कापडानं तो झिडकारला तर झिडकारू दे, असं तिच्या मनात आलं, आणि तिला जरा बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी, तोच स्वेटर अंगात घालून फेरीहून परतताना, मोडक्या कुंपणापाशी, जिथं एक वाट मावशीच्या घराकडे आणि दुसरी उताराकडे जाते, साहेब थांबले. त्यांनी दोन्ही वाटांकडे पाहिलं. मग हसून, सहज विचारल्यासारखं करून त्यांनी विचारलं, "माझं घर कुठल्या बाजूला, बाई?"

मावशीनं बोट दाखवलं. ते गेले. म्हातारपण, दुसरं काय, असं म्हणून तिनं तो विषय सोडला असता, आणि सोडलाही. पण घरी येऊन तिनं रफूतून उरलेली स्वेटरची लोकर हातात घेतली तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर उताराची वाट आली, साहेबांच्या फाटकाची कडी, ती कशी जरा उचलून मग ओढावी लागते, आणि दाराशी ठेवलेले पावसाळी बूट. त्या फाटकाच्या आत मावशीनं कधी पाऊल ठेवलं नव्हतं.

मनगटाची पट्टी सैल झालीय म्हणून तिनं स्वेटर पुन्हा मागून घेतला. बाहीच्या काही ओळी काढल्या, तितक्या आपल्या लोकरीनं भरल्या, आणि परत दिला. पुढच्या फेरीत साहेब आपल्याला मिळालेल्या एका मोठ्या सन्मानाबद्दल सांगत होते, तो कुणाच्या हातून मिळाला इथपर्यंत आले आणि थबकले. कुणाच्या हातून, ते त्यांना आठवेना; मग कशाबद्दल, तेही आठवेना; आणि शेवटी असा सन्मान मिळाला होता की नव्हता, याचीच त्यांना शंका यायला लागली. भर उन्हात, तळ्याकाठी, त्या ऐटबाज माणसाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा भीती दिसली. मावशीला इतका आनंद झाला की तिला तो लपवायला पदर तोंडाशी धरावा लागला. खोटं कशाला बोला, तिला दया आली नाही. तिकीटखिडकीच्या जाळीतून इतकी वर्षं जग पाहिलेल्या बाईकडे दयेचा साठा कितीसा उरणार!

स्वेटरची ओळ निघाली की या माणसातलंही काहीतरी निघतं, हे तिला उमगलं होतं, आणि तिनं सगळा बेत तळ्याकाठीच ठरवला. हे सारं काढून टाकायचं, सन्मान, भाषणं, बड्या लोकांच्या ओळखी, आत्मचरित्राची पानंच्या पानं, आणि शेवटी त्या माणसात फक्त तो एक दिवस उरू द्यायचा, टेबलासमोर उभी राहून ती "नको" म्हणाली तो. बाकी काही नसलं की माणूस जे उरलंय तेच बोलेल. ओळीमागून ओळ, कधी गळ्याची कड, कधी खांदा, काही ना काही निमित्त काढून ती स्वेटर आणवत राहिली. आणि निमित्ताची गरजही पुढे राहिली नाही. साहेब स्वतःच आणून द्यायचे, "जरा बघा, कुठंतरी गार लागतंय," म्हणायचे.

त्यांची निघालेली लोकर तिनं फेकली नाही. वडिलांचा नियमच तसा होता, आणि थंडीही बरीच होती. तिनं त्या लोकरीचा मफलर विणायला घेतला. जितकी लोकर यायची तितका मफलर वाढायचा, आणि काम करताना गळ्याशी ऊब असावी म्हणून ती तो अर्धाच विणलेला गुंडाळून बसायची. सुया मात्र सुटू देत नसे.

आता मावशी सकाळी ससे विंचरायला बसली की राखी ससा अंग चोरू लागला. पांढरी सशीण, जी तिच्या पावलांच्या आवाजावर जाळीशी येऊन उभी राहायची, ती कोपऱ्यात सरकून बसू लागली, आणि एके दिवशी तिनं मावशीच्या मनगटावर लांब ओरखडा काढला. साहेब आले की मात्र सगळे पिंजरे जागे व्हायचे. साहेबांना सशाचं वावडं होतं, केस अंगाला लागतात म्हणून ते लांब उभे राहायचे. पण आता ते खुर्चीत बसत, सशीण त्यांच्या मांडीवर जाई, आणि त्यांचा हात तिच्या पाठीवरून, मग कुशीवरून, शेवटी पोटाकडे फिरे. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

संपादकाचा फोन आला. "मावशी, या खेपेचं जरा बघता का पुन्हा? तुम्ही तळ्यावर लिहिलंय, पण ते उद्घाटनाचं भाषण वाटतंय."

"थोडक्यात सांगायचं तर," मावशी म्हणाली, "तुम्हाला त्यातलं काही कळत नाही," आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ ती त्या फोनकडे बघत उभी राहिली. दूधवालीनं उशीर केला तेव्हा तिनं तिला व्हरांड्याच्या पायरीखाली उभं ठेवून वेळेचं महत्त्व समजावून सांगितलं. दूधवाली फटकळ बाई. ती भांडं उचलत म्हणाली, "मावशी, तुम्ही हल्ली नाकानं कांदे सोलायला लागलात हं!" एरवी मावशी हसली असती. या वेळी तिला एवढंच वाटलं की या बाईला नावानं ओळखण्याची काही आवश्यकता नाही.

साहेबांची लेक शहरातून येऊन गेली. बाबांना घरचे ओळखू येत नाहीत, आईचा फोटो दाखवला तर "कोण या?" विचारतात, हे सांगताना तिचा बांध फुटला. "पण तुमच्याकडे ते इतके शांत असतात, मावशी," ती डोळे पुसत म्हणाली. "मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, माया लावणारं माणूस जवळ असलं की असं होतं. मी त्यांना घेऊन जाणार होते, पण ते ऐकत नाहीत. राहू दे ना त्यांना इथंच?"

"राहू दे की," मावशी म्हणाली. लेकीनं वाकून तिचा हात हातात घेतला, आणि मावशीला त्या पोरीच्या लहानपणच्या तापाची एक आठवण आली, कपाळावरच्या ओल्या फडक्यासकट. ती तिनं झटकून टाकली. सूड घ्यायला निघालेल्या माणसाला कुणाच्या पोरीचा ताप परवडत नाही.

थंडी सरत आली तेव्हा स्वेटरमध्ये साहेबांची अशी लोकर फक्त गळ्यापाशी, आतल्या बाजूनं, उरली होती. तो दिवस तिथंच असणार, कारण बाकी सगळं निघून गेलं होतं. मावशीनं हात आवरायला हवा होता. बेत तसाच होता, तेवढी लोकर ठेवायची आणि विचारायचं. पण मफलर पुरा व्हायला बोटभर कमी पडत होता, आणि बोटांना आता उसवण्याची चटक लागली होती. तिनं तीही काढली. मफलर शेवटच्या ओळीपर्यंत विणला, गळ्याभोवती घेतला, आणि आरशासमोर उभी राहिली.

तेव्हा तिला ते आठवलं. मोठं टेबल, त्यावर काच, काचेवर आपले दोन हात, आणि टेबलापलीकडे टोपी हातात धरून उभा असलेला एक म्हातारा. त्याचे कपडे साधे, पण रफू इतकं सुरेख केलेलं की नजर तिथंच जावी. "माझी पोर असं सांगणार नाही, साहेब," म्हातारा म्हणत होता. "मी तिला शिकवलंय. ती नको म्हणाली असणार. तुम्ही एकदा खरं बोला." आणि ती, काचेवर बोटं वाजवत, म्हणाली होती, "तुमच्या मुलीनं स्वतः माझ्याजवळ कबूल केलंय. वर मला गप्प राहायची विनवणी केलीय. आता तुम्हीच ठरवा." म्हाताऱ्याचा चेहरा विझला. त्यानं टोपी दोन्ही हातांनी पिळली आणि तो गेला.

हे कोडं तिनं अर्धं आयुष्य छातीवर वागवलं होतं, आणि आता उत्तर मिळालं होतं. वडिलांनी विश्वास ठेवला होता. ते तिच्यासाठी भांडायला गेले होते, आणि तिथंच कुणीतरी त्यांचा विश्वास मोडून परत पाठवला होता. आरशासमोर उभ्या राहिलेल्या मावशीनं रडण्याची वाट पाहिली. रडू आलं नाही. त्या आठवणीत जेवढं होतं तेवढंच तिला वाटलं: हा म्हातारा कधी एकदा जातो, पुढची बैठक खोळंबलीय.

दुपारी ती व्हरांड्यात आली तेव्हा साहेब आधीच येऊन बसले होते. अंगात तो स्वेटर, मांडीवर पांढरी सशीण, शेजारी टोपली. समोर दूधवालीनं टाकलेली फाटकी शाल होती, आणि ते तिच्या आतल्या शिवणीतून धागा काढत होते. तोंडाच्या कोपऱ्यात त्यांनी धाग्याचं टोक ओलं केलं, एक डोळा मिटला, आणि पहिल्याच झटक्यात सुईत ओवलं. मावशीला ती लकब ओळखीची वाटली, पण कुणाची ते आठवेना. ती समोरच्या खुर्चीत बसली, घसा खाकरला, आणि ज्यासाठी हे सारं मांडलं होतं तो प्रश्न, कशासाठी मांडलं होतं ते नीट न आठवताही, पाठ केल्यासारखा विचारला.

"तो पडदा. टांगायच्या आधी काय झालं होतं?"

साहेबांनी सुई शालीत टोचून ठेवली. वर पाहिलं. त्या डोळ्यांत इतकी वर्षं काहीच नव्हतं, आता तिथं कुणीतरी होतं, आणि ते तिला पुरतं ओळखत होतं.

"मी नको म्हटलं होतं," साहेब म्हणाले. आवाज बारीक होता, कष्टानं सांभाळलेला. "तुमच्या टेबलासमोर उभं राहून सांगितलं होतं, त्याला स्वतःचं वजन पेलणार नाही. तुम्ही ऐकलं नाहीत. वर माझ्यावर ढकललंत."

तिला हवं होतं ते वाक्य त्या तोंडातून आलं होतं. मावशीचं तोंड उघडलं, आणि जे शब्द बाहेर पडले ते तिच्याजवळ तयारच होते. "मग काय करायचं होतं मी? पाहुणे दारात उभे होते."

साहेबांनी मान हलवली. त्यांना यापेक्षा वेगळ्या उत्तराची अपेक्षा नव्हती. त्यांचा हात सशिणीच्या पाठीवरून फिरत राहिला, आणि मग तो थांबला.

"ते जाऊ द्या," ते म्हणाले. "मला एकच सांगा. माझे वडील माझ्याशी एक शब्द न बोलता गेले. का, ते मला कधी कळलं नाही. ते तुमच्याकडे आले होते का?"

व्हरांड्यात ऊन होतं. मावशीला तो म्हातारा स्पष्ट दिसत होता, त्याची टोपी, त्याच्या बाहीवरचं सुरेख रफू, आणि "माझी पोर असं सांगणार नाही" म्हणतानाचा त्याचा आवाज. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. समोरच्या त्या भुकेल्या डोळ्यांना ते वाक्य मिळालं असतं तर इथल्या इथं सगळं मिटलं असतं. तिनं बोटं खुर्चीच्या हातावर वाजवली.

"आठवत नाही," ती म्हणाली.

साहेबांनी सशिणीला अलगद खाली ठेवलं, आणि खुर्ची तिच्याजवळ ओढली, इतकी की गुडघ्याला गुडघा लागावा. त्यांचा हात तिच्या गळ्याशी आला, सराईत, गरम, आणि दोन बोटांनी मफलरच्या कडेला काहीतरी चाचपलं.

"टोक सुटलंय तुमचं, साहेब," ते म्हणाले. "तशाच बसून राहा. मी बघतो, आत कुठंतरी असेलच."